मागच्या खोलीचा नकाशा

प्रांजली पास झाली. शंभरात एक्क्याऐंशी. पण हे तुम्ही ऐकलंच नाही असं समजा, कारण मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता तिला शून्य मिळालं होतं.

शून्य एकटीला नव्हतं, पाच जणांना होतं. डिझाइन कॉलेजचा प्रोजेक्ट साधा होता. आपलं राहतं घर टेपने मोजा, नकाशा काढा, कॉम्प्युटरवर त्याचं थ्रीडी मॉडेल करा. पाच घरं, पाच नकाशे, आणि पाचही इंचाइंचाने सारखे. मॅडम रोज रायपूरहून येत. वाटेत कुम्हारीच्या ट्रॅफिक जाममध्ये त्या अर्ध्या तापत आणि उरलेल्या वर्गात.

"कॉपी करनी थी तो एक खिड़की तो खिसका देते!"

"मॅडम, भिलाई में सब क्वार्टर सेम हैं," पाचांतला कौस्तुभ म्हणाला. "कॉपी बनानेवाले ने की है, हमने नहीं."

"गुरुवार तक साबित करो कि खुद नापा है. नहीं तो साल गया."

आता खरं सांगायचं तर पाचही नकाशे खोटे होते. सेक्टरमधला एकही क्वार्टर मूळ नकाशासारखा उरलेला नाही. प्रत्येकाने मागच्या अंगणात परवानगीशिवाय काही ना काही उभं केलंय. कोणाचं स्वयंपाकघर, कोणाचं स्कूटरचं शेड. कौस्तुभकडे तर कोंबड्यांसाठी दुमजली खुराडं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी बोलत नाही. म्हणून पाच बापांनी, एकमेकांना न विचारता, एकच हुकूम दिला होता : मागचं दाखवायचं नाही.

प्रांजलीने आधी खरं घर काढलं होतं. तिचे बाबा मारोतराव भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये हेडक्लार्क, आणि क्वार्टरही प्लांटचंच. त्यांनी लॅपटॉपमध्ये डोकावलं आणि चहा शर्टावर सांडला.

"हे कावून दाखवलं? मले क्वार्टर खाली करायले लावते का?"

तिने मागची खोली पुसली. भिंती गेल्या, पत्रे गेले. तिचा पलंग, टेबल आणि कूलर मात्र उघड्या अंगणात तसेच उभे राहिले.

"पलंगही काढ."

"मग मी झोपू कुठं, बाबा?"

"कॉम्प्युटरमध्ये कोण झोपते, पोरी?"

मंगळवारी संध्याकाळी तिने घरी येऊन बॅग आदळली. "खोली दाखवली तरच पास होते मी. बाकी सगळं घर कौस्तुभसारखंच आहे."

"अन् नोटीस आली तर?"

"अन् वर्ष गेलं तर?"

"दोघंही माह्या डोक्यावर बसून राहिले," आई सत्यशीला मेथी निवडता निवडता म्हणाली. "दाखवू द्या ना वो! मॅडम काय हातोडा घेऊन येते?"

प्रांजलीने जुनी फाइल उघडली. खोली परत आली. मारोतराव लांबून, रागारागाने बघत राहिले. मग जवळून. मग चष्मा लावून.

"दार उलटं लावलं तू."

"काय?"

"ते बाहेर उघडते. आत उघडलं असतं तर तुह्या पलंगाले लागलं असतं. म्हणून बाहेर घेतलं मी."

तिने दार फिरवलं.

"खिडकी तीन फुटांवर नाही, दोन फूट नऊ इंच. तू पाचवीत होती. अभ्यासाले बसल्या बसल्या बाहेर दिसलं पाहिजे ना."

प्रांजलीने खिडकी तीन इंच खाली घेतली. या खोलीत ती अकरा वर्षं झोपली होती. खिडकी तिच्या उंचीची आहे हे तिला आज कळलं.

"अन् ही भिंत सरळ कावून काढली?"

"भिंत सरळच असते, बाबा."

"हे नाही. ओळंबा शेजारच्या शेषरावनं धरला होता. दोन इंच बाहेर आहे. बाहेर घे."

गुरुवारी मॅडम त्या दोन इंचांकडे बराच वेळ बघत राहिल्या. इतकी वाकडी भिंत कॉपी करणं शक्य नाही, हे त्यांनाही पटलं. त्यांनी विचारलं, "डिज़ाइन किसका है?"

"बाबा का."

हे तिने घरी सांगितलं. ते सांगायला नको होतं.

तेवीस वर्षांच्या नोकरीत ऑफिसच्या नजरेला नजर न देणारे मारोतराव शुक्रवारी इस्त्रीचा शर्ट घालून, नकाशाची रंगीत प्रिंट घेऊन, स्वतःच्या पायांनी क्वार्टरवाल्या ऑफिसात गेले. अर्ज दोन प्रतींत दिला. पोच घेतली. अर्ज हिंदीत होता. मराठीत तो असा :

"विषय : मूळ नकाशातील चूक दुरुस्त करण्याबाबत. महोदय, आपल्या नकाशात मागची खोली राहून गेलेली आहे. अचूक मापे सोबत जोडली आहेत. तरी सदर खोली सेक्टरमधील सर्व क्वार्टरच्या नकाशांत चढवून, खाली 'रचनाकार : मारोतराव' अशी नोंद करावी, ही नम्र विनंती."