जळका वास

जळका वास सगळ्यात आधी मनिषाला आला.

झरी रस्त्यावरच्या कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी काढायच्या मशिनी धडधडत होत्या. कापूस टाकता टाकता तिचा हात थांबला. नाकावरचा पदर खाली ओढून तिनं पुन्हा हुंगलं. शेजारच्या चांगुणाबाईकडे पाहिलं. वास तिलाही आला होता, तिच्या डोळ्यांत ते दिसत होतं.

"मावशी, कायतरी जळायलंय."

"गप ऱ्हा. हात चालव."

मागच्या आठवड्यात मशिनीवरच्या मुंजाजीला असाच वास आला होता. त्यानं मशीन बंद केली आणि शोधून काहीच सापडलं नाही. नवा मॅनेजर योगीराज त्याला सगळ्यांसमोर दंडाला धरून गेटबाहेर काढून आला. तेव्हापासून शेडमध्ये कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं.

मनिषा कापूस टाकत राहिली. वास वाढत होता.

केबिनचं दार उघडलं. योगीराज फोनवर बोलत बाहेर आला. "हो मालक. ट्रक भरूनच सोडतो. नाही मालक, मशीन एक मिनिट थांबणार नाही." फोन ठेवला आणि त्याचं नाक आक्रसलं. तो मनिषाजवळ येऊन उभा राहिला.

"कसला वास येतोय का गं?"

हो म्हणावं आणि काहीच निघू नये, तर? उघड्या दारातून गेट दिसत होतं.

"न्हाई साहेब."

योगीराजचा चेहरा सैल पडला. त्यालाही हेच ऐकायचं होतं. तो परत वळला.

तेवढ्यात मागचा, सरकी काढलेल्या रुईचा ढीग मधोमध खचला. काळं भोक पडलं, त्यातून धुराचं वेटोळं निघालं आणि भक्कन जाळ झाला. पलीकडच्या मशिनीवरची कावेरी किंचाळली. चांगुणाबाई धावत गेली आणि तिनं मेन स्विच खाली ओढला. बायकांनी वाळूच्या बादल्या उचलल्या, कुणी पाणी आणलं, कुणी न पेटलेली रुई कवेत घेऊन बाहेर पळाली. योगीराज क्षणभर थिजल्यासारखा उभा होता. मग तो ढिगात घुसला आणि नुसत्या हातांनी जळती रुई दाराबाहेर ओढू लागला.

जाळ विझला तेव्हा फरशीवर काळं पाणी साचलं होतं. बायका सुखरूप होत्या. योगीराजच्या तळहातांवर मात्र फोड आले होते. तो रुईच्या एका बांधलेल्या गठाणीवर टेकला.

"तुला खरंच वास आला नव्हता?" त्यानं मनिषाला विचारलं.

ती खाली बघत राहिली. "आला व्हता."

"मग बोलली का नाहीस?"

तिची नजर गेटकडे गेली. बाकीच्यांचीही. त्यानं पुन्हा विचारलं नाही.

आगीत घुसताना त्यानं गठाणीवर टाकलेला फोन वाजला. हातात धरता येईना, म्हणून त्यानं तो तिथंच ठेवून बोटाच्या पेरानं स्पीकर लावला.

"मशिनीचा आवाज का येत नाही रे?" मालकांचा आवाज शेडभर घुमला. "बंद कुणी केली?"

सगळ्यांच्या नजरा चांगुणाबाईकडे गेल्या. तिनं पदर दोन्ही मुठींत घट्ट धरला.

"मी केली, मालक," योगीराज म्हणाला.

पलीकडचा आवाज चढत गेला. योगीराज मान खाली घालून ऐकत होता. शेवटी पलीकडूनच फोन कट झाला.

मग मनिषा एक पाऊल पुढं आली.

"साहेब, त्या कडंच्या मशिनीचा पट्टा बी घासायलाय. लय दिवसापून."

त्यानं मान वर केली.

"अन् गठाणी बांधायच्या प्रेसजवळची वायर उघडी हाय," कावेरी म्हणाली.

मग सगळ्याच एकदम बोलायला लागल्या, आणि योगीराजला कुणाचंच नीट ऐकू येईना.