विरोधात कोण?

गावच्या मंडळाच्या वार्षिक सभेला तिघेच आले होते. अध्यक्ष ऑरिन, ग्लेन आणि ब्लूबेरीचा केक घेऊन आलेली ग्लेनची बायको मेव्हिस. मंडळ बंद करण्याचा ठराव ऑरिननेच लिहून आणला होता. एरवी बहुमत पुरायचं, पण या ठरावाला नियमाप्रमाणे सगळ्यांची संमती हवी होती.

“बाजूने?”

ग्लेन आणि मेव्हिसचे हात वर गेले.

“विरोधात?” ऑरिन सवयीने शेगडीजवळच्या खुर्चीकडे बघत थांबला. छताचे पत्रे असोत की चहाची नवी किटली, तीस वर्षं थेल्मा तिथून एकटीच हात वर करायची. मार्चमध्ये ती गेली.

“अरे, चल की पुढे!” ग्लेन म्हणाला. “आता कोण विरोध करणार आहे?”

ऑरिनने हळूच स्वतःचा हात वर केला.

“डोकं ठिकाणावर आहे ना? ठराव तुझाच आहे!”

“माझाच आहे रे,” ऑरिन म्हणाला. “पण बायकोचा विरोध मोडून एकट्यानं घरी जायची मला सवय नाही.”