खालचा थर

“ताई, हे खालचं पाणी फेकू ना गं?” धाकटीनं विचारलं.

थोरलीनं मान वर केली नाही. कोपऱ्यातला धुतलेला रिकामा कॅन तिनं पायानंच पुढे सरकवला. “तुझा प्रयोग, तू ठरव. फेकायचं तर यात फेक.”

सख्ख्या बहिणी नव्हेत हं त्या. प्रयोगशाळेत आधी आली ती थोरली, मागून आली ती धाकटी, एवढंच नातं. वर्षभर खपून थोरलीच्या हातून जे आम्ल बनलं नाही, तेच सरांनी धाकटीलाही बनवायला दिलं होतं. जिच्या हातून ते निघेल ती राहील, दुसरीनं आपली वाट धरावी, असं दोघींच्या तोंडावर सांगितलं होतं.

आणि धाकटी हुशार, बरं का. परवाच तिनं फळ्यावर अभिक्रिया मांडली. अल्कलीच्या इलेक्ट्रॉनांपासून निघालेला बाण आम्लाच्या हायड्रोजनवर असा नेमका टेकवला, की सर म्हणाले, “थोरलीनंही शिकावं जरा हिच्याकडून.” थोरलीच्या अंगाचा तिळपापड झाला.

आज समोर फळा नव्हता, तोटीचं काचेचं फनेल होतं. वर पदार्थ विरघळलेलं इथर, खाली पाणी. मागच्या पदार्थाला सोड्याच्या पाण्यानं धुतलं होतं, म्हणून धाकटीनं सवयीनं यालाही धुतलं. फनेल हलवून तोटी उघडली तेव्हा फुस्स करून वायू सुटला. थोरलीच्या फनेलनं वर्षभरात असा आवाज केला नव्हता. म्हणजे आम्ल तयार झालं होतं! सोडा भेटल्याबरोबर ते आपला हायड्रोजन सोडत होतं, आणि हायड्रोजन सोडलेला रेणू कुठला इथरमध्ये राहायला? तो खाली पाण्यात उतरतो. फळ्यावरचा तोच बाण आता हातातल्या काचेत चालला होता आणि बाईसाहेबांना पत्ता नव्हता.

एक शब्द पुरला असता. थोरलीनं तो गिळला.

धाकटीनं पाणी कॅनमध्ये ओतलं आणि इथर उडवायला लावलं. फ्लास्कच्या तळाशी चिकट पिवळा डाग तेवढा उरला. ती बिचारी फ्लास्क उलटासुलटा करून बघत बसली.

सरांनीही बघितला. “फळ्यावर बाण काढायला काय जातं?” ते म्हणाले. “उद्यापासून येऊ नकोस.”

धाकटी चष्मा काढून थोरलीच्या गळ्यात पडली आणि हमसाहमशी रडली. थोरलीनं तिच्या पाठीवरून हात फिरवला. वाईट वाटलं का तिला? वाटलं की. पण नजर कॅनवर होती.

धाकटी गेली तसा तिनं कॅन बीकरमध्ये रिकामा केला आणि थेंबाथेंबानं हायड्रोक्लोरिक आम्ल सोडलं. गेलेला हायड्रोजन परत मिळाला, तसं धाकटीचं आम्ल पाण्यात राहीना. नितळ पाणी गढूळलं, पांढराशुभ्र साका खाली बसू लागला. थोरलीनं तो गाळायला घेतला. एक कण सांडू दिला नाही.

“अगंबाई! ताई, झालं तुझं?”

धाकटी दारात उभी होती. विसरलेला चष्मा न्यायला परत आली होती, डोळे अजून सुजलेले. जवळ येऊन तिनं गाळणकागदावरचा पांढरा ढीग निरखला आणि अगदी मनापासून हसली. “चला, निदान एकीचं तरी झालं. सरक, मी आवरते. दमली असशील.” गाळून उरलेलं पाणी उचलून ती बेसिनकडे वळली.

“अगं थांब!” थोरली ओरडली. इतक्या वर्षांची सवय, जीभ आवरली नाही. “वेडी आहेस का? पदार्थ पुरता हाती येईपर्यंत कुठलंच पाणी फेकायचं नसतं!”

धाकटीचा हात तिथंच थांबला. तिनं हातातल्या पाण्याकडे पाहिलं, मग पांढऱ्या ढिगाकडे, मग टेबलाखाली. कॅन आडवा पडला होता, रिकामा.

“निघ आता,” थोरली म्हणाली. “बस चुकेल तुझी.”