पेनाचं टोपण

हेडसरांनी गुलाबाची चार पानं टेबलावर मांडली. प्रत्येक पानाच्या कडेचा एक वाटोळा तुकडा गेला होता. टिकली ठेवून आखावा आणि कापावा, इतका स्वच्छ.

"उद्या पाटणहून साहेब तपासणीला येणार, आणि आज झाडांची ही दशा," ते म्हणाले.

शिपाई आकाराम पाठीवर फवारणीचा पंप घेऊन दारात उभा होता. "कीड हाय, सर. औषध कालवलंय. समदी बाग भिजवून काढतो. त्या बांबूच्या नळ्याबी. माश्या शिरत्यात त्यात."

नळ्यांची ती मोळी हेडसरांच्या मागच्या खिडकीबाहेर टांगलेली होती. सहावीतल्या अक्षतानं ती उन्हाळ्यात बांधली होती. पोळं न करता एकेकटं घर करणाऱ्या माश्या असतात, त्यांच्यासाठी. चार महिने नळ्या रिकाम्याच होत्या. गेल्या सोमवारी पहिली माशी आली. आता तीन नळ्यांची तोंडं हिरव्या पानांनी बुजली होती. आत त्याच पानांत गुंडाळलेली अंडी होती. हे शाळेत अक्षताशिवाय कुणाला माहीत नव्हतं.

"किडीला एवढं गोल कापता येतं होय रं?" हेडसर म्हणाले. "कीड कुरतडते. हे माणसाच्या हातचं काम आहे." त्यांनी समोर उभ्या असलेल्या अक्षताकडं पाहिलं. "मधल्या सुट्टीत रोज गुलाबापाशी कोण बसतं?"

"मी, सर."

"पानं कापलीस?"

"न्हाई, सर."

"बघा," आकाराम म्हणाला. "पोरगी खोटं बोलायची न्हाई. कीडच ती. मारूनच येतो." तो वळला. पंपाचा दांडा दाराच्या चौकटीला खटकन लागला.

"मीच कापली," अक्षता म्हणाली.

आकाराम थांबला.

"आत्ता तर नाही म्हणालीस."

"भ्या वाटलं, सर."

"कशानं कापलीस?"

तिची नजर टेबलावरून फिरली. छडी. शिक्का. हजेरीपट. हेडसरांच्या खिशाला अडकवलेलं पेन.

"पेनाच्या टोपणानं."

हेडसरांनी पेन काढलं, टोपण तिच्यापुढं ठेवलं. शेजारी गुलाबाची तीन अख्खी पानं ठेवली.

"काप. ह्या चार पानांसारखं निघालं तर पाच छड्या, आणि विषय संपला. नाही निघालं, तर आकाराम म्हणतो ते खरं. मग फवारायचं."

अक्षतानं टोपण पानाच्या कडेवर ठेवलं आणि दाबलं. पान चेंगरलं. टेबलावर हिरवा ओला डाग उमटला.

"अगं ये बाय," आकाराम दारातून म्हणाला, "छड्या खायची एवढी हौस कुणाला असती काय?"

ती हसली नाही. तिनं दुसरं पान घेतलं, टोपणावर दोन्ही हातांचा भार दिला आणि पिळलं. पान मधोमध फाटलं. टोपणाच्या कडेचा लाल वळ तिच्या तळव्यावर उठला.

"जमत नाही," हेडसर म्हणाले.

"जमतं, सर. काल जमलं व्हतं."

तेवढ्यात खिडकीबाहेर बारीक गुणगुण सुरू झाली. अक्षतानं डोळे वर केले. हेडसरांच्या खांद्यापलीकडं, मोळीसमोर, एक माशी तरंगत होती. पोटाशी धरलेला पानाचा हिरवा तुकडा उन्हात चमकत होता. अगदी गोल.

अक्षतानं झटकन नजर खाली केली.

गुणगुण वाढली. हेडसरांची मान आवाजाच्या दिशेनं वळू लागली.

"सर, हिकडं बघा!" अक्षता जवळजवळ ओरडलीच. तिनं तिसरं पान पुढ्यात ओढलं आणि टोपण उचललं. "हिकडं बघा, सर. ह्या खेपंला गोल निघंल."