बघितलं

साल एकोणीसशे चौऱ्याण्णव. थोरलीची कंपनी घरामागच्या खोलीतून तिसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये आली, त्याला अजून वर्ष व्हायचं होतं. तान्ह्या मुलांना छातीशी बांधून घ्यायच्या कापडी झोळ्या ती शिवून विकायची. पूर्वी दोघीच शिवायच्या, ती आणि तिची वहिनी. आता हॉल भरून मशिनी होत्या. त्यांचा खडखडाट थोरलीला झोपेतही ऐकू यायचा, आणि बरं वाटायचं.

त्या दुपारी धाकटी बहीण आपल्या तान्ह्या लेकीला दाखवायला आली होती. ताज्या ढिगातली निळी झोळी तिनेच उचलली, बाळाला आत बसवलं, बायकांकडून कौतुक करून घेतलं आणि येते गं म्हणून निघाली. थोरलीने मान हलवली. रिकामे हात तिला कधी सोसत नसत. तिने त्याच ढिगातली दुसरी झोळी घेतली आणि जुन्या सवयीने पट्टा ओढला.

पट्टा हातात आला. आवाजसुद्धा झाला नाही.

तपासणीच्या टेबलाशी एक नवी मुलगी बसलेली असे. थोरलीने तिला विचारलं, ही झोळी कोणी तपासली.

"मीच. बघितलं ना, ताई."

"बघितलं म्हणजे काय केलंस?"

मुलगी गोंधळली. धागा लोंबत नाही ना, डाग नाही ना, रंग सारखा आहे ना, सगळं नीट बघितलं म्हणाली.

"ठोंब्याला घालून फिरवलं नाहीस?"

"ठोंब्या कोण?"

थोरलीने दाराकडे बघितलं. ठोंब्या म्हणजे वहिनीने जुन्या चादरीचं शिवलेलं वाळूचं बाळ. मागच्या खोलीत प्रत्येक झोळीत त्याला घालायचं, खोलीभर फिरायचं, चार उड्या मारायच्या आणि मग म्हणायचं, बघितलं. दोघींना तेवढा एक शब्द पुरायचा. सामान हलवताना वहिनीने विचारलं होतं, आता याला कोण फिरवणार? होईल गं ते, असं म्हणून थोरलीने तिला फोनवर बसवलं होतं. शब्द हॉलमध्ये सगळ्यांच्या तोंडी बसला. ठोंब्या दार आपटू नये म्हणून दाराशी टेकवून ठेवलेला होता.

त्याला ओलांडून थोरली बाहेर धावली.

जिना लोखंडी, इमारतीच्या बाहेरून. पायऱ्यांच्या फटींतून खालचा रस्ता दिसायचा. धाकटी एक मजला उतरलेली होती. एक हात कठड्यावर, दुसऱ्यात पिशवी, आणि बाळ नुसतं झोळीच्या भरवशावर. हाक मारली तर ती वर बघायला मागे वाकणार, हे थोरलीच्या ध्यानात आलं आणि ओठांवरची हाक तिने गिळली. चपला काढल्या. अनवाणी उतरू लागली. तरी जिना थरथरायचा तो थरथरतच होता, आणि प्रत्येक पायरीला बाळाचं टोपडं हलत होतं. नुसतं चालण्यामुळे हलतंय की पट्टा सुटतोय, ते वरून कळत नव्हतं.

पहिल्या मजल्याच्या वळणावर तिने बहिणीला गाठलं आणि दोन्ही हात बाळाच्या खाली धरले.

"काय गं ताई, पापा राहिला होता वाटतं?" धाकटी हसली.

तशीच, हात न काढता, थोरली बहिणीला वर घेऊन आली. धाकटीने वाटेत आणखी एक थट्टा केली, मग ताईचा चेहरा बघून कठडा सोडला आणि स्वतःही बाळाला धरलं.

हॉलमध्ये बाळाला आईच्या कडेवर देऊन थोरलीने ती निळी झोळी स्वतःला बांधली. ठोंब्याला दारातून उचलून आत घातलं आणि चालू लागली. खिडकीपर्यंत गेली. वळली. एक उडी मारली.

वाळू फरशीवर धप्पकन आदळली. एकेक करत मशिनी थांबल्या. इतका वेळ खडखडाटात झोपलेलं बाळ त्या शांततेने जागं झालं.

हॉलसाठी पैसे घातलेला भागीदार आतल्या खोलीतून आला. कुठलंही काम झटपट उरकू म्हणायचा, म्हणून बायका मागून त्याला झटपटराव म्हणत. खाली ट्रक उभा आहे, अर्धा माल दुकानांत पोचलाय, याची त्याने हळू आवाजात आठवण दिली. शंभरात एखादी अशी निघणारच, म्हणाला.

"माझ्या बहिणीला शंभर मुली नाहीत," थोरली म्हणाली.

ट्रक रिकामा केला. दुकानादुकानांतून माल परत आणला. ते सगळं होईपर्यंत फोन वाजला की थोरली हातातलं काम टाकून वहिनीकडे बघायची. वहिनी फोन उचलायची, ऐकायची आणि लांबूनच मान हलवून सांगायची, तसलं काही नाही.

झटपटराव वर्षाअखेर वेगळे झाले. त्यांनी दुसरा कारखाना काढला आणि तो उत्तम चालला, हेही खरं. हॉल सोडावा लागला. टेबलापाशी बसणारी ती मुलगी मात्र थोरलीबरोबर मागच्या खोलीत आली आणि लग्न होईपर्यंत ठोंब्याला तीच फिरवायची. वहिनी गेली. धाकटीची लेक आता कंपनी बघते. जेवढ्या झोळ्या फिरवून होतात तेवढ्याच शिवते, त्याहून एकही जास्त नाही.

त्या मालातली एक लाल झोळी कधीच परत आली नाही. ती कोणी नेली, कळलं नाही. तिच्यातलं मूल आज तिशी ओलांडलेलं असेल. तरी रस्त्यात कुणी बाई छातीशी बाळ बांधून चाललेली दिसली की थोरली काठी बगलेत मारते आणि कोपऱ्यापर्यंत तिच्या मागोमाग जाते, दोन्ही हात जरा पुढे धरून.