पिवळ्या नदीचे फोटो

पुनो शहरात खाणीविरुद्ध सुनावणी होती, त्याच सकाळी हर्मेलिंदाबाईंचा लॅपटॉप सुरू होईना. पंखा फिरत होता, पण स्क्रीन काळीच. खाणीच्या पाण्यानं पिवळ्या पडलेल्या नदीचे सात वर्षांचे फोटो त्यातच होते. तेवढ्यात खाणीचा माणूस नवाकोरा लॅपटॉप घेऊन दारात आला. “भंगारात टाका तो, बाई. हा ठेवा. फक्त आज पुनोला जाऊ नका.” बाईंनी आपल्या लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं, मेमरीची पट्टी काढली आणि शाळेतल्या खोडरबरानं तिची टोकं घासली. पट्टी परत बसवली, तरी स्क्रीन काळीच. “पोरांना शिकवणं वेगळं आणि हे वेगळं,” तो हसला. बाईंनी पट्टी शेजारच्या खाचेत बसवली. बटण दाबताच स्क्रीन उजळली. “खाण काही फोटोंनी बंद पडत नाही,” तो म्हणाला. बाईंनी लॅपटॉप शालीत बांधून पाठीवर घेतला. “मग घाबरता कशाला? सरका, माझी बस सुटेल.”