बोटांना येणारा खेळ

रघुवीर ताम्हणकर टॅबलेटसमोर बसून ब्लॅकजॅक शिकत होते. ऑनलाइन कॅसिनोतली शिक्षिका व्हिडिओ कॉलवर त्यांच्याकडे बघत सांगत होती, "सर, बेरीज एकवीसच्या वर गेली की हरलात. एक्का एक धरा, नाहीतर अकरा. आणखी पत्ता हवा असेल तर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच त्यांच्या बोटाने टेबलावर दोनदा टकटक केली. पत्ता आला.

"सर, आधी खेळलाय वाटतं?"

"छे. आयुष्यात पत्त्यांना हात लावला नाही," असं म्हणून ते स्वतःच्याच बोटाकडे बघत राहिले. याला कुणी शिकवलं?

टकटक ऐकून त्यांची बायको शालिनी भाजी चिरायची सोडून बाहेर आली. तिने व्यसनाच्या आठवणी पुसून देणाऱ्या केंद्रात फोन लावला.

"डॉक्टर, यांचं परत सुरू झालंय. चौथ्यांदा. जुगार पुसताना तुमच्याकडून आजूबाजूचंही पुसलं जातं. मागच्या खेपेला मुलीचं लग्न यांच्या डोक्यातून गेलं. आता काय जाणार?"

ताम्हणकरांनी गोंधळून मान वर केली.

"शालिनी," ते म्हणाले, "आपल्याला मुलगी आहे?"